हेलिकॉप्टरचे तास लॉगबुकात कसे भरायचे, घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद

नवीन पोरं सगळ्यात जास्त इथेच घोळ घालतात म्हणून आधी हेच. विमानवाल्यांचा फ्लाइट टाइम विमान टेकऑफसाठी जागचं हललं की सुरू होतो, आपल्या हेलिकॉप्टरवाल्यांचा रोटर (वरची पाती) फिरायला लागला की सुरू आणि उतरून रोटर पूर्ण थांबला की बंद. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या अ‍ॅनेक्स १ (पायलट लायसन्सच्या नियमांचं परिशिष्ट) मधली व्याख्या आहे ही आणि आपल्याकडेही तीच चालते. म्हणजे वॉर्मअपची मिनिटं, शेवटचं कूलिंग, सगळं धरायचं. अमेरिकेत ट्रेनिंग करताय तर थांबा, एफएएची (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) व्याख्या स्वतःच्या पॉवरवर उड्डाणासाठी हलल्यापासूनची आहे, तिथे हा हिशोब नाही लावायचा.

आता मीटर. आर४४ या छोट्या हेलिकॉप्टरमधला आवरमीटर (तास मोजणारं मीटर) कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, उचलला की पळतो, खाली केला की थांबतो, कारण तो मेंटेनन्ससाठी आहे, त्यामुळे तो नेहमी तुमच्या तासांपेक्षा कमीच दाखवणार. मी सुरुवातीला बरेच दिवस तोच आकडा उतरवत होतो, स्वतःचेच तास स्वतः कापले, कोणाला सांगणार! मनगटावरचं घड्याळ बघा आणि वेळ लगेच नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लिहा.

उदाहरण घ्या, जुहूहून बॉम्बे हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या, रिगवर जाऊन परत. रोटर सुरू सकाळी ७:१०, डेकवर उतरलात, पॅसेंजर बदलले पण रोटर चालूच, परत जुहू, रोटर थांबला ९:०५. डेकवरची मिनिटं वजा करायची नाहीत, सलग १ तास ५५ मिनिटं, लँडिंग २. रिगवर शटडाऊन केलं असतं तर मात्र दोन वेगळ्या ओळी. यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायचं तर साडेपाच तास वजा, म्हणजे ०१:४० ते ०३:३५, आणि पहाटे साडेपाचच्या आधी स्टार्ट केलं असेल तर यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची येते हे लोक हमखास विसरतात. अजून एक, १ तास ५५ मिनिटं म्हणजे १.५५ नव्हे, दशांशात ते १.९ होतं, सहा मिनिटांचा एक पॉइंट. वहीत एकच पद्धत ठेवा, मिसळलं की बेरीज गेली.

कॉलम सोपे आहेत. इन्स्ट्रक्टर शिकवतोय तर ड्युअल, सोलो म्हणजे एकटे असाल तर पीआयसी (पायलट इन कमांड). सिंगल पायलट मशिनमध्ये मित्राच्या शेजारी नुसतं बसून को-पायलटचे तास लावू नका, चेकिंगला पहिल्यांदा तेच पकडतात. सिम्युलेटर वेगळ्या कॉलमात, टोटलमध्ये नाही.

पेनानेच लिहा, चुकलं तर एक सरळ रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही, व्हाइटनर अजिबात नको. पानाची बेरीज मात्र आधी पेन्सिलने करून बघा आणि ईजीसीएवर (डीजीसीए या आपल्या नियामकाचं ऑनलाइन पोर्टल) भरताना टेक लॉग, म्हणजे हेलिकॉप्टरची स्वतःची नोंदवही, शेजारी उघडा ठेवा, तारीख आणि रजिस्ट्रेशन तरी जुळलंच पाहिजे.