पहिले सात गुण आणि पुढचे बावन्न आठवडे

टेनिसमधल्या राज्य व राष्ट्रीय पातळीवरच्या ज्युनिअर स्पर्धा खेळून झाल्यावर जे आता एम-१५, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत उतरणार आहेत, अशा सांगली-साताऱ्याकडच्या मुलांसाठी मी हे लिहीत आहे. आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) कसा काढावा, नाव कसे नोंदवावे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझे दीड वर्ष ज्या एका चुकीत गेले, तीच मी सविस्तर सांगणार आहे.

एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या जागतिक क्रमवारीतले माझे पहिले सगळे गुण भारतातल्या सलग तीन आठवड्यांत आले. पहिल्या आठवड्यात उपांत्यपूर्व फेरीचे २, दुसऱ्यात पहिली फेरी जिंकल्याचा १ आणि तिसऱ्यात उपांत्य फेरीचे ४. घरी पेढे वाटले. एटीपी क्रमवारीतला गुण ५२ आठवडेच टिकतो, हे मला पाठ होते. परंतु तीन आठवड्यांत मिळालेले सात गुण पुढल्या वर्षी तीन आठवड्यांतच जाणार, हा साधा हिशेब मी कधी कागदावर मांडला नाही.

त्याच वर्षी एका मार्गदर्शकांनी मला ट्युनिशियातल्या मोनास्तिरला जाण्याचा सल्ला दिला. तेथे जवळपास दर आठवड्याला एम-१५ स्पर्धा असते आणि गुण स्वस्तात मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. वडिलांनी कर्ज काढले. सहा आठवड्यांत मी पहिली फेरी एकदाच ओलांडली. स्वस्त गुणांच्या शोधात निम्मा युरोप तेथे आलेला असतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. जवळचा रस्ता दाखवणाऱ्या माणसाने स्वतः तो कधी तुडवला आहे का, हे आधी विचारा, मग ते कितीही मोठे सर असोत.

पुढे सात गुण गेले आणि एकच उरला. स्पर्धेची प्रवेशयादी सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी बंद होते आणि ती त्या वेळच्या क्रमवारीवर ठरते. त्यामुळे गुण गेल्यावरही दोन-तीन आठवडे माझे नाव मुख्य फेरीच्या यादीत दिसत राहिले आणि मी गाफील राहिलो. नंतर थेट पात्रता फेरीत घसरलो. एम-१५च्या पात्रता फेरीत कितीही सामने जिंकले, तरी एटीपीचा गुण मिळत नाही; मुख्य फेरीत शिरून तेथे एक सामना जिंकावा, तेव्हा कुठे एक गुण पदरी पडतो. या धास्तीने मी दुखऱ्या खांद्याने सलग पाच आठवडे खेळलो. तसे करू नका. गेलेला गुण पुन्हा मिळवता येतो, खांद्याचे तसे नसते.

पैशांचेही स्पष्ट सांगतो. मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरल्यास करापूर्वी १५६ डॉलर हातात येतात. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून पुण्यात ओळखीच्यांकडे राहिलो, तरी गटिंग (रॅकेटच्या तारा बदलून घेणे), जेवण आणि प्रवास यांतच ते संपतात. तरीही खचू नका. २०२३ मध्ये आपल्या खात्यात ९०० युरोच उरल्याचे सुमित नागलने जाहीरपणे सांगितले होते, तेव्हा तो देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. पुढच्याच जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित खेळाडू बुब्लिकला हरवले आणि फेब्रुवारीत तो प्रथमच जागतिक क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत पोहोचला.

ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे हे आपले टेनिसपटू अमेरिकेत महाविद्यालयीन टेनिस खेळून आले, ती वाट मी अठराव्या वर्षी कमीपणाची मानली होती. आज मला ते माझे अज्ञान वाटते. शिक्षण, रोजचे सामने आणि फिजिओ एकत्र मिळत असतील, तर तो प्रस्ताव घरच्यांसमोर बसून नीट वाचा.

आता मी एका वहीत प्रत्येक गुणापुढे तो जाण्याचा सोमवार लिहितो आणि त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत निरनिराळ्या आठवड्यांच्या स्पर्धा निवडतो. सध्या तीन गुण आहेत, तिघांचेही महिने वेगळे. पहिला मार्चमध्ये जाईल. त्यासाठी जानेवारीतल्या दोन स्पर्धा मी लाल शाईने नोंदवून ठेवल्या आहेत.