क्षाराचे कूळ

अकरावीत मी क्षारांचे, म्हणजे आम्ल आणि आम्लारी (अल्कली, बेस) यांच्या संयोगातून बनणाऱ्या पदार्थांचे, प्रकार तोंडपाठ केले होते. परंतु ते खऱ्या अर्थाने उमगले, ते सोलापुरात टॉवेलचे सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी करताना. पहिल्याच आठवड्यात मी रंगाच्या द्रावणात मिठाबरोबरच धुण्याचा सोडाही टाकला आणि सुताची लड कुठे गडद, कुठे फिकी निघाली. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही सोडियमचे आणि पुस्तकाप्रमाणे दोन्ही ‘सामान्य क्षार’, म्हणजे आम्लातील विस्थापनयोग्य हायड्रोजन पूर्णपणे गेलेले. मग फरक कशाचा?

मीठ तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यापासून बनते, म्हणून त्याचे द्रावण उदासीन राहते. ते केवळ रंगाला सुताकडे ढकलते. धुण्याचा सोडा सौम्य कार्बोनिक आम्लाचा क्षार असल्यामुळे द्रावणाचा सामू (pH; सातच्या वर गेला की द्रावण आम्लारिधर्मी) ११ च्या आसपास नेतो, आणि त्याच स्थितीत रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, सुताशी पक्का जोडला जातो. म्हणून मीठ आधी, रंग सगळीकडे सारखा बसला की सोडा. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. क्षाराचे मात्र आधी कूळच विचारावे.

नवख्याला सर्वांत जास्त फसवतो तो खाण्याचा सोडा. कार्बोनिक आम्लाच्या दोन हायड्रोजनपैकी एक त्यात शिल्लक असतो, म्हणून त्याची गणना आम्लधर्मी क्षारांत होते, आणि तरीही त्याचे द्रावण तांबडा लिटमस हळूहळू निळा करते. सोडियम बायसल्फेटही त्याच वर्गातला, पण सल्फ्युरिक आम्ल तीव्र असल्याने त्याचे द्रावण चांगलेच आम्लधर्मी असते. वर्गाचे नाव घडणीवरून पडते, द्रावणाच्या गुणावरून नव्हे. माझ्या मते ही जोडी शेजारी ठेवूनच हा धडा शिकावा.

ज्यात आम्लारीचा हायड्रॉक्साइड भाग शिल्लक राहतो, त्या आम्लारिधर्मी क्षाराचे उदाहरण देवघरात सापडते: तांब्याच्या ताम्हणावर चढणारा हिरवा कळंक, ज्यात कॉपर कार्बोनेटबरोबर हायड्रॉक्साइडही असते.

द्विक्षार आणि जटिल क्षार यांतील भेद वाचून पटत नाही, तो परीक्षानळीत पाहावा. तुरटी हा द्विक्षार, म्हणजे दोन क्षार एकत्र स्फटिकलेला पदार्थ, पाण्यात पूर्णपणे सुटा होतो, म्हणून त्यात अमोनियाचे द्रावण घालताच अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, चिकट साका धरतो. पोटॅशियम फेरोसायनाइड या जटिल क्षाराच्या फिकट पिवळ्या द्रावणात तोच अमोनिया कितीही घाला, लोहाचा साका येत नाही, कारण तेथील लोह सहा सायनाइडच्या वेढ्यातून सुटतच नाही.