एटोशात स्वतः गाडी चालवताना या चुका टाळा

मे महिना आला की नामिबियाला निघालेल्या ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. तिथल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा त्यांच्या पुढ्यात असतो आणि एका दिवसाच्या यादीत बारा पाणवठे. ती यादी आधी फाडून टाका, असं मी प्रत्येकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

मे ते ऑक्टोबर हे तिथले कोरडे दिवस. इतरत्र पाणी आटलेलं असतं, त्यामुळे जनावरांना ठरावीक पाणवठ्यांवर यावंच लागतं. आपण फक्त तिथे बसून राहायचं असतं. आपल्या लोकांना नेमकं तेच जमत नाही. ताडोब्यात मोजक्या तासांची फेरी असते, हरणा-माकडांचा धोक्याचा कॉल ऐकू आला की जिप्सी तिकडे वळते. तीच घाई अंगात घेऊन आपण इथे येतो.

एटोशातल्या हलाली या मुक्कामाच्या कँपजवळच्या रीटफोंटेन पाणवठ्यावर माझा मावसभाऊ आणि वहिनी एका गाडीत होते, आम्ही दुसऱ्या. समोर पाणी, काठावर कुणी नाही. लांब झाडांच्या कडेला तीन जिराफ उभे. पंधरा मिनिटांत दादानं काच खाली केली. "अरे, इथे काही नाही. चल, पुढचा बघू." मी म्हटलं, "दादा, जिराफ पाण्यावर येत का नाहीत, ते बघ की." पण तो निघाला. जिराफाला पाणी प्यायला पुढचे पाय फाकवून मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्या वेळात त्याला पटकन पळता येत नाही. म्हणून शंका असेल तर तो तासभरसुद्धा ताटकळत राहतो. ते तिघंही एकाच झुडपाकडे टक लावून होते. पाऊण तासानं त्या झुडपाच्या सावलीतून एक सिंहीण उठली, मागोमाग दुसरी. दोघी पाण्यावर आल्या, सावकाश पाणी प्यायल्या. दादाची गाडी जिथे उभी होती, तिथून ते झुडूप तीस-चाळीस पावलांवर होतं. त्या दिवशी त्यानं नऊ पाणवठे केले, आणि रात्री वहिनी जेवताना गप्प होत्या. त्यांना बसायचं होतं.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे: एका पाणवठ्यावर किमान एक तास, दिवसात तीन पाणवठे, फार तर चार. सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावतो आणि इंजिन बंद करतो. आधी पाण्याकडे बघत नाही, जनावरं कुठे बघताहेत ते बघतो.

दुसरी चूक सकाळची. तंबू गाडीच्या टपावर असतो, म्हणजे तो घडी केल्याशिवाय गाडी हलत नाही. हे ठाऊक असूनही लोक उजाडल्यावर उठतात, स्टोव्ह पेटवतात, पोहे करतात, मग तंबूची चेन अडकते, आणि साडेनऊला बाहेर पडतात. तोवर रात्रीची शिकार आटोपून सिंह सावलीला गेलेले असतात. जुलैत तिथे सूर्य सव्वासात-साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि कँपची फाटकं सूर्योदयालाच उघडतात. मी तासभर आधी उठतो. चहा रात्रीच थर्मासमध्ये भरलेला असतो, अंथरूण उठल्या उठल्या गुंडाळतो, तंबू अंधारात डोक्याला बॅटरी लावून घडी करतो. नाश्ता नंतर, पाणवठ्यावर, गाडीतच. आणि तो डबा पुढच्या सीटपाशी हवा. मागच्या दारात कुलूपबंद ठेवलात तर दुपारपर्यंत उपाशी राहाल, कारण उद्यानात गाडीतून उतरायला बंदी आहे. उतरायचं ते फक्त कुंपणाच्या ठरलेल्या जागी, आणि तिथेही कुंपणाचं दार उघडं दिसलं तर आधी आतून गाडीतूनच नीट बघून घ्या. "दोन मिनिटांत उतरून फोटो काढला" असं कौतुकानं सांगणाऱ्या माणसाबरोबर मी पुन्हा प्रवास करत नाही.

संध्याकाळचा हिशेबही असाच चुकतो. हलाली ते नामुतोनी हा दुसरा कँप साधारण पंचाहत्तर किलोमीटर, वेगमर्यादा ताशी साठ, म्हणजे सव्वा तास, असं लोक धरतात. मधे हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल तर? आम्ही एकदा पस्तीस मिनिटं थांबलो होतो. शेवटी एक मोठा नर उरला, पांढऱ्या चुनखडीच्या धुळीनं माखलेला, कानशिलांवरून ओघळ, मागचे पाय मुतानं ओले. माजावर आलेल्या नराची ती खूण. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला आणि माझ्या पोटात गोळा आला. हत्तीनं कान पसरले, दोन पावलं आमच्याकडे टाकली, मग वळला. फाटक सूर्यास्ताला बंद होतं, म्हणून त्यानंतर सगळ्यांनी गाड्या पळवल्या, आणि खडीच्या रस्त्यावर गाड्या उलटतात त्या अशाच घाईत. मी हिशेबाच्या दुप्पट वेळ धरतो आणि हत्ती असेल तिथे मागे यायला जागा ठेवूनच थांबतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. खडीवर टायरमध्ये हवा किती हवी, ते गाडी ताब्यात घेतानाच विचारा आणि कागदावर लिहून काचेला चिकटवा. पेट्रोल-डिझेल मुक्कामाच्या कँपमध्ये मिळतं. टाकी अर्धी झाली की भरा. रात्री बूट बाहेर ठेवू नका, कोल्हे पळवतात. हलालीत कचरा आणि अन्न उघड्यावर सोडलंत तर हनी बॅजर हा छोटा पण धीट शिकारी प्राणी येतोच. ड्रोनला बंदी आहे, बॅगेतही आणू नका.

आणि ओकाउकुएयो या कँपला मुक्काम असेल तर जेवून लगेच झोपू नका. तिथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि काळा गेंडा बहुधा अंधार पडल्यावरच येतो. एकदा नऊनंतर बहुतेक लोक उठून गेले होते, तेव्हा मादी आणि पिल्लू आले. बसायला जाड चादर न्या. जुलैत ते बाक फार गार पडतात.