व्हीएफडी अंडरव्होल्टेजला ट्रिप होत असेल तर आधी डीसी बस बघा

आयटीआय करून नवीन मेंटेनन्सला लागलेली पोरं मोटर, कॉन्टॅक्टर बिनधास्त खोलतात पण ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) म्हटलं की मागे सरकतात, माझंही सुरवातीला तसंच व्हायचं, म्हणून एक केस नीट लिहितो.

भोसरीला एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. लेथला ५ एचपीची मोटर आणि त्यावर ३.७ किलोवॅटचा ४१५ व्होल्टचा ड्राइव्ह. मशीन रिकामी छान फिरायची, स्पीडपण कमीजास्त व्हायचा, पण टूल लावून जरा डेप्थ दिली की लगेच अंडरव्होल्टेज ट्रिप, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं म्हणून ड्राइव्ह आपोआप बंद. ऑपरेटर काका म्हणायचे लाईटच कमी येतेय. मला कोणीतरी सांगितलं कपॅसिटर गेले असतील, म्हणून मी शेठकडून नवीन कपॅसिटर मागवून घेतले, बसवले, आणि ट्रिपिंग जसंच्या तसं. पैसे गेले, वर दोन दिवस मशीन बंद. न मोजता पार्ट बदलला ही माझी चूक होती.

मग शांतपणे मीटर घेऊन बसलो. ड्राइव्हच्या आर, एस, टी टर्मिनलवर, म्हणजे सप्लाय आत येतो तिथे, कट चालू असताना तिन्ही फेज मोजले (चालू पॅनलमध्ये मोजताना एक सिनिअर सोबत ठेवा, एकट्याने करू नका), तिन्ही ४१५ च्या आसपास, अजिबात पडत नव्हते. म्हणजे लाईटचा प्रश्न नाही. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचा करंटपण साधारण सारखा. आता डिस्प्लेवर डीसी बस व्होल्टेजचा मॉनिटर लावला (आत आलेल्या एसीचं रेक्टिफायर डीसी करतो आणि ते कपॅसिटरवर साठतं, तीच डीसी बस), हा बहुतेक ड्राइव्हला असतो, मॅन्युअलमध्ये शोधा. सप्लायला १.४१ ने गुणलं की बस यायला पाहिजे, म्हणजे ४१५ ला ५८५ च्या आसपास. मशीन उभी असताना ५८५ बरोबर होतं. रिकामी फिरवली की ५४५. आणि कट लावला की आकडा धडाधड खाली येऊन ४०० च्या खाली गेला की ट्रिप.

इथेच सगळं कळतं बघा. आत येणारा सप्लाय पडत नाही पण बस पडतेय, म्हणजे मधे काहीतरी व्होल्टेज खातंय. रेक्टिफायर आणि कपॅसिटरच्या मधे एक चार्जिंग रेझिस्टर असतो, पॉवर दिल्यावर रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढू नयेत म्हणून. बस भरली की एक रिले त्या रेझिस्टरला बायपास करतो. तो रिले लागलाच नाही तर मोटरचा सगळा लोड त्या बारक्या रेझिस्टरमधून जातो.

पॉवर बंद केली आणि थांबलो. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असं अजिबात समजू नका, दहा मिनिटं जाऊद्या आणि पी-एन टर्मिनलवर (डीसी बसचे प्लस-मायनस) मीटर डीसीला ठेवून स्वतः बघा, आकडा शून्याजवळ आल्याशिवाय हात घालायचा नाही. मग डायोड मोडवर रेक्टिफायर आणि यू, व्ही, डब्ल्यूच्या म्हणजे मोटरच्या बाजूने आयजीबीटी (डीसीचं परत एसी करून मोटरला देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) चेक केले, सगळीकडे एका दिशेने ०.४ च्या आसपास आणि उलट्या दिशेने ओएल (मीटरला रस्ता उघडा दिसतो), म्हणजे शॉर्ट काही नाही. मोटर मेगर करायची (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं) असेल तर केबल ड्राइव्हवरून काढून मगच, ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला तर चांगला ड्राइव्ह पण जातो. रिलेचं कव्हर काढलं तर कॉन्टॅक्ट काळे पडून जळालेले, रेझिस्टर तपकिरी झालेला.

रिले त्याच कॉइल व्होल्टेजचा, त्याच अँपिअरचा टाकला, रेझिस्टरपण त्याच ओहम आणि वॅटचा. मग कटमध्ये बस ५७० च्या वरच राहिली.

पण मला चैन पडेना, रिले जळाला कशाने? काकांना मशीन चालवताना बघितलं तेव्हा समजलं. जॉब बदलायला मशीन थांबवायची म्हणून ते दर वेळी एमसीबीच खाली पाडायचे आणि परत उचलायचे, दिवसातून शंभर वेळा तरी. दर वेळी कपॅसिटर नव्याने चार्ज होणार, रिले नव्याने लागणार. काकांची काही चूक नाही, त्यांना स्टार्ट-स्टॉपचं बटणच कोणी लावून दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून हिरवं-लाल पुशबटण काढून लेथच्या हेडस्टॉकवर बसवलं, रन कमांडचं पॅरामीटर कीपॅडवरून टर्मिनलला केलं, आणि एमसीबी फक्त सकाळी चालू, संध्याकाळी बंद.