कमी मिठाचा खर्डा: मीठ आवरायचं, झणका ठेवायचा

घरात कुणाला बीपी निघालं की पहिली कुऱ्हाड पडते ती मिरचीवर. आमच्याकडेही तेच झालं. बाबांच्या हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि भेटायला आलेला प्रत्येक माणूस "आता तिखट बंद हं" असं बजावून गेला. बार्शीकडच्या माणसाच्या ताटातून खर्डा काढला तर ज्वारीची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही. आठ दिवसांत बाबांचं जेवण निम्म्यावर आलं.

तिखट आणि खारट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि त्यात सोडियम, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा भाग, नसतं. ताज्या हिरव्या मिरचीतलं सोडियमही असून नसल्यासारखंच. सोडियम येतं ते आपण घातलेल्या मिठातून. पोटाची वेगळी तक्रार असेल तर डॉक्टर मिरचीबद्दल सांगतीलच, पण फक्त मीठ कमी करायला सांगितलं असेल तर खर्डा सोडायचं कारण नाही. तो करायची रीत मात्र बदलावी लागते.

आधी आकडा नीट समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम सोडियमपेक्षा कमी, म्हणजे 5 ग्रॅम मिठापेक्षा कमी अशी आहे. सोडियम आणि मीठ हे एकच समजून पुष्कळ घरांत गोंधळ होतो. 1 ग्रॅम मिठात सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम असतं. तुमच्या माणसाची मर्यादा यापेक्षा कमी असू शकते, ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आणि मीठ बदलायच्या भानगडीत पडू नका. सैंधव, गुलाबी मीठ, काळं मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. "सैंधव चालतं" हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता ऐकून घेत नाही. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे पाकीट मिळतं, त्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून मी ते आणलं आणि महिनाभर वापरलं. बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू होती, आणि तिच्यामुळे शरीरात पोटॅशियम साठू शकतं. पुढच्या तपासणीत रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं निघालं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणूच नका. मी विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता खर्डा. 100 ग्रॅम हिरव्या मिरच्या, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे भाजून सोललेले शेंगदाणे (खारे नव्हेत), चमचाभर जिरे, दोन चमचे तेल, मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू. मिरच्या निम्म्या लवंगी, निम्म्या कमी तिखट घ्या. धुवून कोरड्या पुसा, देठ काढा, मधून मोडा. अख्खी मिरची तव्यावर फुटते.

माझं घोडं अडलं ते रगडण्यापाशी. पहिल्या चार खेपांना मी नेहमीच्याच रीतीनं खर्डा केला, फक्त मीठ वगळलं. मिरच्या तांब्याच्या बुडाखालून निसटत राहिल्या. सालं तशीच, बिया एकीकडे, लसूण एकीकडे, आणि चव हिरवट, उग्र. बाबांनी एक घास घेतला आणि काही न बोलता वाटी सरकवली. मग मी मीठ घातलेला आणि न घातलेला असे दोन खर्डे शेजारी शेजारी केले, तेव्हा उलगडा झाला. जाडं मीठ नुसतं चवीला नसतं. त्याच्या खड्यांनी मिरचीचं साल फाटतं. मीठ मिरचीचं पाणी सोडवतं आणि त्या पाण्यात लसूण, शेंगदाणा एकजीव होतो. शिवाय मीठ कडवटपणा झाकतं. मीठ काढलं की ही सगळी कामं उघडी पडतात. ती दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावी लागतात.

म्हणून भाजणं बदला. जो तो सांगतो की मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजा. भरपूर मीठ असताना ते खपून जातं, कमी मिठात तोच करपटपणा जिभेवर बसतो. लोखंडी तव्यावर तेल टाका, आच मंदावरून जराशी वर ठेवा, मिरच्या एका थरात पसरा आणि वर झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी लसूण टाकून पुन्हा झाका. पाच-सहा मिनिटांत मिरच्या स्वतःच्याच वाफेत मऊ पडतात, सालाला फोड येतात, तपकिरी डाग पडतात. काळ्या होता कामा नयेत. झाकण काढून मिनिटभर परता आणि गॅस बंद करा. चिमट्यानं एक मिरची दाबून बघा, साल आपोआप सुटलं पाहिजे. ताठ राहिली असेल तर पुन्हा झाका. इथे घाई केलीत तर पुढे कितीही रगडा, उपयोग नाही.

रगडताना मिठाच्या खड्यांचं काम जिरे आणि शेंगदाण्यांना द्या. तव्यावर एका बाजूला आधी जिरे आणि निम्मे शेंगदाणे तांब्यानं भरडून घ्या. त्या भरडीवर मिरच्या ओढा आणि दाबून, फिरवून रगडा. भरडीमुळे मिरची जागेवर राहते, निसटत नाही. मिरची फाटली की लसूण, शेवटी कोथिंबीर आणि उरलेले शेंगदाणे. हे अर्धवटच मोडा, दाताखाली आले पाहिजेत. मिक्सर काढू नका. मिक्सरमध्ये लसूण उग्र होतो, शेंगदाण्याला तेल सुटतं आणि खर्ड्याचा चिखल होतो.

लिंबू तव्यावर पिळायचं नाही. लोखंडाला आंबट लागलं की खर्डा काळा पडतो, चवही धातूसारखी लागते. काचेच्या वाडग्यात काढा, कोमट होऊ द्या, मग पिळा. आमच्याकडे खर्ड्यात लिंबू घालत नाहीत, आईनं पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. पण मीठ कमी केल्यावर जी पोकळी जाणवते ती आंबटानंच भरते, हे माझं ठाम मत आहे.

आणि आता मीठ, सगळ्यात शेवटी. मापाच्या चमच्यांच्या संचातला पाव लहान चमचा (टीस्पून), बारीक मीठ, सपाट करून. हे साधारण दीड ग्रॅम होतं. "चवीपुरतं" हा शब्द या घरातून हद्दपार करा. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर एवढं कमी वजन नीट दाखवलं जात नाही, त्यापेक्षा मापाचा चमचा बरा. मीठ गार खर्ड्यावर भुरभुरायचं आणि वरच्यावर दोनदाच हलवायचं. आत रगडलेलं मीठ वाटणात हरवतं. वर राहिलेले कण जिभेला थेट लागतात, त्यामुळे थोडं मीठही पुरतं. या मापानं सुमारे 150 ग्रॅम खर्डा होतो. 10 ग्रॅमचा एक चमचा वाढला तर त्यात 40 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. एरवी याच खर्ड्यात सपाट चमचाभर, 5 ते 6 ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे चौपट.

हा खर्डा लागलीच आवडेल असं नाही. बाबांना सहा आठवडे लागले, मग बाहेरचं जेवण त्यांना खारट लागायला लागलं.

विकतचा सॉस घ्यायचा असेल तर लेबल वाचा आणि आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते आधी बघा. पातळ, व्हिनेगरवाले तिखट सॉस बरे. टबॅस्कोच्या लाल सॉसमध्ये व्हिनेगर, मिरची आणि मीठ एवढंच असतं, लहान चमच्याला साधारण 35 मिलिग्रॅम सोडियम. घात करतात ते सोया सॉस मिसळलेले दाट प्रकार. नुसत्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

ताटातलं बाकीचंही बघा. ज्वारीच्या भाकरीत मीठ नको, दही बिनमिठाचं, पापड आणि लोणचं नाही. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच.

टिकवण्याबद्दल एक इशारा. मीठ कमी म्हणजे टिकाऊपणा कमी. वरून तेल ओतून बरणी ओट्यावर ठेवायची जुनी सवय इथे चालणार नाही. कमी मीठ, कमी आंबट, ओलसर लसूण आणि वर तेलाचा थर, अशा हवाबंद जागेत बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष जीवघेणं असतं आणि वासावरून कळेलच असं नाही. खर्डा गार झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. जास्तीचा बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून फ्रीजरला टाका. सकाळी एक वडी वाटीत काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की दुपारच्या भाकरीपर्यंत सुटते. फ्रीजरला टाकायच्या खर्ड्यात मात्र मीठ घालू नका, प्रत्येक वडीमागे मापून चिमूट वाढतानाच घाला.