देवमासा, खवल्या मांजर आणि नीलहरित शैवाल: वर्गीकरण शिकताना या चुका टाळा

वर्गीकरणाचे पेपर तपासताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. मुलांचे गुण पाठांतर कमी पडल्यामुळे जात नाहीत, नावावर विश्वास ठेवल्यामुळे जातात. आपल्या मराठी नावांवर माझं प्रेम आहे, पण ती ठेवली कोळ्यांनी, शेतकऱ्यांनी, जंगलात फिरणाऱ्यांनी. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून.

खवल्या मांजर हे मांजर नाही. अंगभर खवले दिसतात म्हणून कोणी त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांत टाकतं, तेही चूक. मादी पिलाला दूध पाजते, म्हणजे तो सस्तन प्राणी. आणि ते खवले आपल्या नखांसारखेच केराटिनचे असतात. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्याचं पिलूही दूध पितं. तारामाशाला पाठीचा कणाच नाही, तो कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीचा प्राणी. उलट समुद्रघोडा कितीही घोड्यासारखा दिसला तरी पक्का मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेणारा. म्हणून मी वर्गात सांगते, नावावर बोट ठेवून ते झाका आणि मग विचारा: पाठीचा कणा आहे का? श्वास कशाने घेतो? पिलू दूध पितं का? या तीन प्रश्नांत बहुतेक गोंधळ सुटतो.

जाती आणि प्रजाती यांची अदलाबदल ही दुसरी मोठी चूक, आणि इथे दोष मुलांचा कमी आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती वरची, जाती सगळ्यांत खालची. वर्तमानपत्रात मात्र 'बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं, तेव्हा बहुतेकदा म्हणायचं असतं 'जाती'. हिंदीतही 'प्रजाति' हा शब्द याच खालच्या पायरीसाठी वापरतात. परीक्षेत आपल्या पुस्तकाचा क्रम धरा. आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. त्यात मँजिफेरा ही प्रजाती आणि इंडिका हा जातीचा शब्द. हापूस, पायरी, केसर या वेगळ्या जाती नव्हेत, एकाच जातीचे लागवडीतले वाण आहेत. हे नाव रोमन लिपीत हाताने लिहाल तेव्हा फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.

सूक्ष्मजीवांकडे आलं की नाव पुन्हा फसवतं. नीलहरित शैवाल हे शैवाल नव्हे, जीवाणू आहे. त्याच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक नसतं, म्हणून रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत त्याची जागा मोनेरा या सृष्टीत. भूछत्र जमिनीतून उगवतं, पण ते हरितद्रव्य नसलेलं कवक, म्हणजे बुरशी. त्याची पेशीभित्तिका कायटिनची, वनस्पतीसारखी सेल्युलोजची नाही. पावातलं यीस्ट कवक, दह्यातला लॅक्टोबॅसिलस जीवाणू. विषाणूंना या पाचांपैकी एकाही सृष्टीत बसवू नका, कारण त्यांना पेशीच नसते.

हा फरक केवळ गुणांपुरता नाही. मलेरियाचा प्लास्मोडियम हा आदिजीव (केंद्रक असलेला एकपेशीय जीव), टायफॉइडचा जीवाणू, डेंग्यूचा विषाणू. प्रतिजैविकं जीवाणूंवर चालतात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, म्हणून तिच्यावर ती घेऊन काही साधत नाही. गजकर्ण म्हणजे नायटा कवकामुळे होतो. त्यावर मनाने स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज तात्पुरती थांबते आणि कवक मात्र पसरत राहतं. हे घरोघरी चालतं आणि पाहून मला वाईट वाटतं.

आता प्रयोगशाळेतली तक्रार: 'बाई, दह्यात जीवाणू दिसतच नाहीत.' बहुतेक वेळा दह्याचा घट्ट गोळाच स्लाइडवर ठेवलेला असतो. त्याऐवजी दह्यावरची निवळी घ्या. एक थेंब पातळ पसरा, हवेत वाळू द्या, स्लाइड ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवा, मग मिथिलीन ब्लू टाकून मिनिटभराने हलकेच धुवा. आधी दहापट भिंग, मग चाळीसपट. निळ्या बारीक काड्या दिसल्या तर त्या लॅक्टोबॅसिलस. त्या फार लहान दिसतील, घाबरू नका. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहून मुलं तेवढ्याच आकाराची अपेक्षा धरतात, आणि जीवाणू तर काही मायक्रोमीटरचा. गोल, चमकदार, निळा रंग न घेणारे ठिपके हे स्निग्धाचे थेंब. जाड काळी कड असलेलं रेखीव वर्तुळ म्हणजे कव्हरस्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा. त्याची आकृती काढून खाली 'पेशी' लिहिलेल्या वह्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

ओल्या स्लाइडवर कण जागच्या जागी थरथरतात, तेव्हा 'जिवंत आहेत!' असा ओरडा होतो. पाण्याचे रेणू त्यांना सतत धडका देतात, म्हणून ते थरथरतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या बारीक कणांत ही हालचाल पाहिली, आणि मग निर्जीव खनिजांच्या चुऱ्यातही तीच दिसते का हे तपासलं. दिसली.