मॅकओएस अपडेटनंतर मेलचे प्लग-इन बंद पडले? या चुका टाळा

मॅकओएसची नवी आवृत्ती टाकल्यावर मेल ॲपमधील नेहमीच्या वापरातले बटण गायब झालेले दिसले, की पुष्कळ जण आधी मेल खात्यालाच हात घालतात. खाते काढून पुन्हा जोडणे हा या दुखण्यावरचा इलाज नव्हे. ते बटण प्लग-इनचे, म्हणजे मेलला जादा सोयी देणाऱ्या छोट्या जोड-प्रोग्रामचे असते; प्लग-इन खात्याशी नव्हे, तर मेल ॲपशी जोडलेले असते, त्यामुळे या खटाटोपाने ते परत येत नाही. उलट खाते पॉप प्रकारचे, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून मॅकवर उतरवून घेणारे असेल आणि सर्व्हरवरील प्रती आधीच पुसल्या गेल्या असतील, तर खात्याबरोबर मॅकवर साठवलेला पत्रव्यवहारही हातचा जाऊ शकतो.

म्हणून आधी ॲपल मेन्यूतील ‘अबाउट धिस मॅक’ उघडून आवृत्ती पाहावी, कारण पुढचे सारे त्या आकड्यावर ठरते.

आकडा 13 (व्हेंचुरा) किंवा त्याखालचा असेल, तर जुन्या पद्धतीचे प्लग-इन अजून चालू शकते. अशी प्लग-इन होम फोल्डरच्या लायब्ररीत, मेलच्या ‘बंडल्स’ फोल्डरमध्ये असतात. मेलच्या प्रत्येक आवृत्तीला एक ओळख-क्रमांक असतो आणि आपण कोणकोणत्या क्रमांकांशी जुळतो याची यादी प्लग-इनच्या आत लिहिलेली असते; अपडेटमुळे मेलचा क्रमांक बदलला आणि नवा क्रमांक यादीत नसला, की मेल ते प्लग-इन बाजूला काढून ठेवते. येथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे बाजूला पडलेली फाइल उचलून पुन्हा मूळ फोल्डरमध्ये टाकणे, आणि दुसरी म्हणजे टर्मिनल या मॅकला लेखी आदेश देण्याच्या ॲपमध्ये इंटरनेटवरचा आदेश वापरून तो क्रमांक यादीत स्वतःच घुसवणे. मेल त्याने फसेलही. पण प्लग-इनचा कोड जुन्याच मेलसाठी लिहिलेला राहतो, शिवाय यादीची फाइल बदलल्याने त्याची डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे कोडमध्ये फेरफार झालेला नाही याची खूण, अवैध ठरते. मग मेल उघडताक्षणी बंद पडू लागले, तर नवल नाही. निर्मात्याने दिलेली नवी आवृत्ती बसवावी आणि मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘मॅनेज प्लग-इन्स’ उघडून तिच्यापुढे खूण करावी. 2018 च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून ही खूण वापरकर्त्याने स्वतः करावी लागते, आणि अडचण पुष्कळदा तेवढीच असते.

आकडा 14 (सोनोमा) किंवा त्यावरचा असेल, तर जुना इन्स्टॉलर कितीही वेळा चालवला तरी उपयोग नाही. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या सोनोमाने जुन्या प्लग-इनचा आधारच काढून घेतला. त्यांच्या जागी 2021 मध्ये ॲपलने मांडलेल्या मेलकिट या साधनसंचावर आधारलेली एक्स्टेन्शन, म्हणजे नव्या पद्धतीची जोड-साधने आली. ती एखाद्या ॲपच्या पोटातून येतात आणि मेलच्या सेटिंग्जमधील ‘एक्स्टेन्शन्स’ या भागात सुरू करावी लागतात.

नावाने तेच असलेले एक्स्टेन्शन जुन्या प्लग-इनइतकेच काम करील, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. प्लग-इन मेलच्या आतच चालत असे, म्हणून त्याला जवळजवळ काहीही करता येई. मेलकिटने ठरावीक दारेच उघडी ठेवली आहेत. नव्याने आलेले पत्र कचरापेटीत, आर्काइव्हमध्ये किंवा जंकमध्ये टाकणे, त्याला झेंडा किंवा रंग देणे हे एक्स्टेन्शनला जमते, पण ते आपल्या पसंतीच्या फोल्डरमध्ये हलवणे जमत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बंधन समजण्यासारखे असले, तरी पत्रांचे बारकाईने वर्गीकरण करणाऱ्यांची त्यात गैरसोय झाली, हे मान्य करावे लागेल. मेलटॅग्ज आणि मेल ॲक्ट-ऑन ही प्लग-इन बनवणाऱ्या स्मॉलक्यूब्ड कंपनीने तर पुढे मेलमेव्हन हे स्वतंत्र मेल ॲपच काढले.

जीपीजी मेल हे पत्रे कूटबद्ध करणारे प्लग-इन वापरणाऱ्यांनी कूटबद्ध पत्रे उघडत नाहीत म्हणून घाबरून जुन्या किल्ल्या (पत्रे उलगडणाऱ्या गुप्त फाइली) पुसून नव्या तयार करू नयेत. किल्ल्या प्लग-इनमध्ये नसतात, होम फोल्डरमधील वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्या पुसल्या आणि प्रत जवळ नसली, तर जुनी पत्रे कायमची बंद होतात.

सोनोमावरून व्हेंचुरावर परतण्यासाठी सहसा डिस्क पुसावी लागते, तेव्हा अपडेटपूर्वीचा टाइम मशीन (मॅकची बॅकअप सोय) वापरून घेतलेला बॅकअप नसेल तर त्या फंदात पडू नये. ज्यांचे काम प्लग-इनवर अडते, त्यांनी ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये मॅकओएस अपडेट आपोआप बसवण्याचा पर्याय बंद ठेवावा, सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा पर्याय चालू राहू द्यावा, आणि मोठी आवृत्ती प्लग-इनच्या निर्मात्याने ती चालत असल्याचे जाहीर केल्यावरच घ्यावी.